बाळाच्या पाठीतील तपकिरी मेद

कसबा पेठेतील जुन्या वाड्यांतून मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत बाळंतिणीच्या खोलीचा जो कडेकोट बंदोबस्त केला जातो, त्याच्या मुळाशी एक पिढीजात समजूत असते : मेद हे शरीराचे थंडीपासून रक्षण करणारे केवळ आवरण असून बाळ जितके गुटगुटीत, तितके ते उबदार आणि निरोगी. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिच्यात एक फार मोठी गोष्ट गाळली गेली आहे. त्वचेखालचा पांढरा मेद उष्णता अडवून धरतो, ती निर्माण करण्याचे काम त्याच्याकडे नाही. ते काम करणारा मेद निराळा, रंगाने तपकिरी, आणि नवजात अर्भकाच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, मानेशी, कण्यालगत व मूत्रपिंडांभोवती वसलेला असतो. न्हाऊ घालणारी बाई बाळाला पायांवर पालथे घेऊन जेथे तेल जिरवते, त्याच जागी त्वचेच्या खाली हा उष्णतेचा कारखाना तैनात असतो. मोठी माणसे थंडीने कुडकुडतात आणि त्या स्नायूंच्या कंपनातून उष्णता मिळवतात. नवजात बालकाला कुडकुडणे जवळजवळ साधत नाही, म्हणून निसर्गाने त्याच्यासाठी ही निराळी तजवीज केलेली आहे.

साधा मेदच थंडीने किंवा मालिशीने पालटून तपकिरी होतो, हा दुसरा गैरसमज. आणि त्याचे निरसन पेशींच्या वंशावळीतच मिळते. स्विस निसर्गशास्त्रज्ञ कोनराड गेस्नर याने १५५१ साली मार्मोट नावाच्या डोंगरी प्राण्याच्या पाठीत हा पदार्थ पाहिला, तेव्हा त्याला चरबी म्हणावे की मांस, याचा निवाडा त्याला करता आला नाही. त्याच्या त्या संभ्रमाचा उलगडा होण्यास साडेचारशे वर्षे लागली. २००८ साली बोस्टन येथील ब्रूस स्पिगेलमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, फऱ्यांमधील तपकिरी मेदपेशी आणि स्नायुपेशी या भ्रूणातील एकाच पूर्वज-पेशींपासून निपजतात, आणि पुढची दिशा ठरविण्यात ‘पीआरडीएम-१६’ नावाचे प्रथिन निर्णायक ठरते : तपकिरी मेदाच्या पूर्वज-पेशींतून ते काढून घेतले तर त्या स्नायूच्या वाटेने जातात, आणि स्नायूच्या पूर्वज-पेशींत घातले तर त्यांचा तपकिरी मेद बनतो. मानवी गर्भात हा मेद मुख्यत्वे गर्भावस्थेच्या उत्तरार्धात तयार होतो. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बालकाचा हा खजिना बव्हंशी रिताच असतो. थंडीच्या प्रभावाने पांढऱ्या मेदाच्या साठ्यातही काही उष्णताजनक पेशी उद्भवतात हे खरे. पण त्या तिसऱ्या, बदामी छटेच्या पेशी होत, आणि थंडी सरली की त्यांतील बहुतेक पुन्हा साठवणुकीच्या कामी रुजू होतात.

तपकिरी पेशींच्या ठायी उष्णता उत्पन्न होते ती कशी, हेही पाहण्याजोगे आहे. पेशींतील तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या शक्तीने हायड्रोजनचे आयन आपल्या आतील पटलाबाहेर लोटतात. धरणातील पाणी चक्रातून सोडावे त्याप्रमाणे ते आयन परत येताना शरीराचे नित्याचे शक्तिद्रव्य तयार होते. तपकिरी पेशीत थर्मोजेनिन नावाचे प्रथिन या चक्राला वळसा घालणारी निराळी वाट उघडते, आणि साठलेली शक्ती थेट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्वचेला गारवा जाणवताच मेंदूचा हुकूम अनुकंपी चेतातंतूंमार्फत नॉरअॅड्रेनॅलिनच्या रूपाने पेशीपर्यंत पोहोचतो, पेशीतील मेदाचे सूक्ष्म थेंब फुटू लागतात, त्यातून सुटलेली मेदाम्लेच ती वाट खुली करतात आणि तीच इंधनही होतात. तपकिरी रंग येतो तो या असंख्य, लोहयुक्त तंतुकणिकांमुळे.

बाळाच्या गुटगुटीतपणाविषयीच्या समजुतीविरुद्ध पुण्यातूनच मिळालेला दाखला मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कसब्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, रास्ता पेठेत, के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा पाठपुरावा केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुण्याकडील बालकांचे सरासरी जन्मवजन २·७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३·५ किलो होते. तरीही फऱ्याखालची त्वचा चिमट्यात धरून मोजली असता तेथील मेद मात्र, एकूण लहानपणाच्या मानाने, फारसा उणा नव्हता. उणे होते ते स्नायू आणि पोटातील इंद्रिये. दिसायला किडकिडीत, अंगाने मेदयुक्त असे हे मूल पाहिले की नजरेच्या मापावर विसंबणे किती धोक्याचे, ते कळते. मात्र चिमट्यात सापडतो तो त्वचेखालचा पांढरा मेद. तपकिरी मेद किती, याचा जाब तो चिमटा देत नाही, आणि या निष्कर्षाचा तसा अर्थ कोणी लावू नये.

प्रौढांत हा मेद उरतच नाही, असे वैद्यकाच्या ग्रंथांतही दीर्घकाळ मानले जाई. २००९ साली अमेरिका, नेदरलँड्स आणि फिनलंड येथील तीन संशोधक-गटांनी, गळ्याच्या हाडांवरच्या भागात व मानेत तो अनेक प्रौढांत शाबूत असल्याचे दाखवले. परंतु एवढ्यावरून पहाटेच्या गार पाण्याने पोट उतरते, असा निर्वाळा देणे उतावीळपणाचे होय : प्रौढांतील हा मेद थोडा असतो, थंडीने भूकही वाढते, आणि हृदयविकाराच्या माणसाला गार पाण्याचा अकस्मात आघात घातक ठरू शकतो.

राहता राहिली बाळंतिणीची खोली. बाळाला दुपट्यात गुंडाळणे, डोक्याला टोपडे घालणे, हे आजीबाईंचे शास्त्र निःसंशय योग्य आहे, कारण त्याने बाळाचा मोजका साठा जपला जातो. परंतु तपकिरी पेशी प्राणवायूवाचून काम करू शकत नाहीत, आणि दारे-खिडक्या लावून शेगडी व धुरी पेटविलेल्या खोलीत नेमका तोच कमी पडू लागतो. जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याची घाईही तशीच अनिष्ट, कारण ओल्या अंगावरून उष्णता झपाट्याने निघून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने पहिले स्नान जन्मानंतर चोवीस तास तरी लांबविण्यास सांगितले आहे. तोवर कोरड्या वस्त्राने टिपलेले बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून दोघांना पांघरूण घालावे, आणि खोलीत धूर होऊ देऊ नये.