गाडी ठणठणीत, ड्रायव्हर रिटायर!

घरातल्या माळ्यावर, दिवाणाच्या पेटीत किंवा टीव्हीखालच्या कप्प्यात एकदा डोकावून बघा. एखादा स्कॅनर, जुना प्रिंटर, गोल डोळ्याचा वेबकॅम असं काहीतरी सापडेलच. आता घरात विचारा की हे बिघडलंय का. बहुतेक वेळा उत्तर येईल, की बिघडलं वगैरे काही नाही, नवा कम्प्युटर आला आणि मग हे चालेनासं झालं. म्हणजे काच शाबूत, मोटर शाबूत, वायर शाबूत. मग गेलं काय? गेला तो ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे कम्प्युटर आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. ‘हे पान छाप’ एवढंच विंडोजला म्हणता येतं. पण कागद कधी ओढायचा, ड्रमवर कुठे शाई चिकटवायची हे प्रत्येक प्रिंटरला त्याच्या स्वतःच्या बोलीत सांगावं लागतं. ती बोली कंपनीलाच माहीत, म्हणून दुभाष्याही कंपनीच पुरवते. पुढे विंडोजची आतली रचना बदलली की या दुभाष्याला नव्याने तयार करावं लागतं, तपासावं लागतं, त्यावर डिजिटल सही घ्यावी लागते. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या स्कॅनरसाठी हा खर्च कोण करणार? त्यातून कंपनीला एक रुपया सुटत नाही. उलट जुना चालेना झाला, तर तुम्ही नवा घ्याल. हिशोब सरळ आहे.

हे प्रकरण दोन्ही बाजूंनी चालतं. कधी ऑपरेटिंग सिस्टीम नवी आणि यंत्र जुनं, तर कधी यंत्र नवं आणि ऑपरेटिंग सिस्टीम जुनी. पहिल्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २००७ च्या जानेवारीत बाजारात आलेलं विंडोज व्हिस्टा. ग्राफिक्स ड्रायव्हरची पद्धतच त्यात बदलली होती. एक्सपीवर मजेत चालणारे कितीतरी प्रिंटर आणि साउंड कार्ड एका रात्रीत मुके झाले. पुढे ३२-बिटकडून ६४-बिटकडे जाताना पुन्हा तेच, कारण ३२-बिटचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालतच नाही. मॅकवाल्यांनी फार हसू नये. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट सॉफ्टवेअर बंद केलं, तेव्हा अनेकांचे स्कॅनर असेच कपाटात गेले.

दुसरी बाजू आपल्या वयाच्या मंडळींना जास्त जवळची, कारण तिथे गेमिंग येतं.

विंडोज ७ ची शेवटची बस

विंडोज ७ वर लोकांचा जीव होता. पण २०१५ मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर आले आणि पहिली ठेच लागली. नव्या मदरबोर्डवर यूएसबीचं सगळं काम ३.० च्या कंट्रोलरकडे गेलं होतं आणि विंडोज ७ च्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हरच नव्हता. इन्स्टॉल करायला बसलं की यूएसबीचे कीबोर्ड-माउस मेलेले! पुढच्या पिढीच्या वेळी, २०१६ च्या जानेवारीत, मायक्रोसॉफ्टने स्पष्टच सांगितलं, की इथून पुढचे प्रोसेसर फक्त नव्या विंडोजवर. २०१७ मध्ये ज्यांनी केबी लेक किंवा रायझनवर विंडोज ७ टाकलं, त्यांना ‘तुमचं हार्डवेअर चालणार नाही’ असा निरोप आला आणि अपडेट्स थांबले.

मग १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा मोफत सपोर्ट संपला आणि पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं एकामागून एक सुरू झालं. २०२१ मध्ये एएमडीने विंडोज ७ साठी ग्राफिक्स ड्रायव्हर काढणं थांबवलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर एनव्हिडियाने विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर दिला. क्रोमची १०९ ही आवृत्ती या विंडोजसाठी शेवटची ठरली. स्टीमच्या पोटात क्रोमचेच भाग आहेत, त्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून स्टीमनेही हात वर केले. यात गंमत ही, की कोणीच एकटा दोषी नाही. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘तो थांबला, म्हणून मी थांबलो.’ आणि कम्प्युटर मात्र तुमच्या टेबलावर तसाच सुरू असतो.

आता हीच पाळी विंडोज १० वर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बारावीनंतर हौसेने घेतलेले कित्येक लॅपटॉप दाराबाहेरच राहिले. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट्सची सोय आहे. ३० डॉलर भरून, रिवॉर्ड पॉइंट वापरून किंवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवून ती मिळते. पण नीट वाचा. ही सोय विंडोजमधली भोकं बुजवण्यापुरती आहे. तुमच्या वाय-फाय कार्डाचा किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर ती कंपनी काढत राहील, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

एनव्हिडियाने तेवढा एक दिलासा दिलाय. आरटीएक्स कार्डांना विंडोज १० वर ऑक्टोबर २०२६ पर्यंत गेम रेडी ड्रायव्हर मिळणार. मात्र २०१६ मध्ये आलेली जीटीएक्स १० मालिका, म्हणजे १०५० टीआय, १०६०, १०८० ही आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या गेमिंग लॅपटॉप-पीसीतली मंडळी, ऑक्टोबर २०२५ नंतर निवृत्त झाली. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते अपडेट्स. कार्ड बंद पडणार नाही, जुने गेम चालतीलच. पण नवा गेम येईल त्या दिवशी त्याच्यासाठी खास जुळवलेला ड्रायव्हर आता यायचा नाही. नऊ वर्षं म्हणजे वाईट नाही, हे मान्य. सगळेच इतके दिवस साथ देत नाहीत.

एक्सपीचं दुकान

आमच्या कॉलेजसमोर एक डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. काकांकडे समोर नवा चकाचक कम्प्युटर, आणि आत पडद्यामागे एक पिवळट पडलेला पांढरा डबा, त्यावर विंडोज एक्सपी. एक्सपी २००१ मध्ये आलं आणि ८ एप्रिल २०१४ ला त्याचा सपोर्ट संपला, हे त्यांना माझ्यापेक्षा आधी ठाऊक होतं. तरी तो डबा हलत नाही. का, तर त्यावर पेजमेकर आहे, जुने मराठी फाँट आहेत आणि त्या फाँटच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे डोंगल, मागच्या रुंद प्रिंटर पोर्टला लावलेलं आहे. नव्या मदरबोर्डवर ते पोर्ट नाही आणि डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजला ओळखत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांच्या अहवालांची फाइल-न-फाइल त्यात अडकली आहे. युनिकोडच्या आधीचा तो मजकूर दुसरीकडे उघडला तर नुसतं अगम्य चिन्हांचं कडबोळं. कुणी गेल्या वर्षीसारखंच बिलबुक मागितलं की काका पडद्यामागे जातात. नेट त्याला मुद्दाम जोडलेलं नाही. भंगारातून आणलेला तसाच दुसरा डबा सुट्या भागांसाठी खाली ठेवलाय.

हे वाचून ‘काका, अपग्रेड करा की’ असं म्हणायचा मोह होतो. पण मोठमोठ्यांना ते जमलं नाही. २०१८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना बजावावं लागलं, की एक्सपीसारख्या जुन्या सिस्टीमवरची सगळी एटीएम जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. एटीएम म्हणजे तिजोरीत बसवलेला कम्प्युटरच. नोटा मोजणारं यंत्र, कार्ड रीडर, की-पॅड, प्रत्येकाचा दुभाष्या वेगळा. एक विंडोज बदलायचं म्हणजे सगळी वरात हलवायची.

धोकाही खरा आहे. २०१७ च्या मे महिन्यातल्या वॉनाक्राय हल्ल्याने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना वेठीला धरलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून मेलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला. शिवाय ड्रायव्हर कम्प्युटरच्या अगदी गाभाऱ्यात, कर्नलमध्ये बसू शकतो. तिथे चूक झाली की काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने कर्नलमधला ड्रायव्हर कोसळला, सुमारे ८५ लाख कम्प्युटर निळे पडले आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. त्यामुळे ‘जुने ड्रायव्हर बंद, सहीशिवाय प्रवेश नाही’ हा कडकपणा निव्वळ कंपन्यांचा डाव आहे असं मला वाटत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: तुम्हाला जमत नसेल तर ज्यांना जमतंय त्यांना तरी करू द्या.

हा वाद जुनाच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर मिळाला. कागद सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर होता. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने सोय केली होती, की कागद अडकला की लोकांना निरोप जावा. नव्या प्रिंटरचा कोड मात्र कंपनीने दिला नाही. ज्याच्याकडे होता, त्यानेही गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमनने जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. तिथून सुरू झालेल्या वाटेवरच आजचं लिनक्स आहे, आणि तुमचा माळ्यावरचा स्कॅनर पुन्हा उठण्याची आशाही तिथेच.

माळ्यावरून खाली काढा

भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक रविवार खर्च करा. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर टाकून, काहीही इन्स्टॉल न करता कम्प्युटर त्यावर चालू करता येतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच सोबत सांभाळले जातात आणि स्कॅनरसाठी ‘सेन’ नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प आहे. स्कॅनर ओळखला गेला तर जिंकलात. विंडोज किंवा मॅक सोडायचं नसेल तर व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर हजारो जुन्या स्कॅनरांशी बोलतं. विकतचं आहे, पण नव्या स्कॅनरपेक्षा स्वस्त पडतं. सगळंच चालेल अशी हमी कोणी देत नाही. आतली बोली कधीच उघड न झालेली काही यंत्रं लिनक्सलाही दाद देत नाहीत. आणि लिनक्सवालेही जन्मभर सांभाळत नाहीत. इंटेलचा १९८५ चा ३८६ प्रोसेसर त्यांनी २०१२ मध्ये निरोप देऊन काढला. सत्तावीस वर्षांनी!

नवा प्रिंटर घ्यायचा असेल तर दुकानदाराला पानामागे किती पैसे पडतात एवढंच विचारू नका. एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी काही आहे का, ते बघा. असे प्रिंटर सगळ्यांना समजणारी एकच भाषा बोलतात, म्हणजे कंपनीच्या दुभाष्यावाचून भागतं. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय, की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं ते टप्प्याटप्प्याने थांबवणार.

भारत सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. तिथे चर्चा असते सुट्या भागांची, सर्व्हिस सेंटरची, वॉरंटीची. माझ्या मते ड्रायव्हर हाही स्पेअर पार्टच आहे. युरोपात २० जून २०२५ पासून मोबाइल कंपन्यांना, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट्स द्यावे लागतात. प्रिंटरला तसं काही का नाही? बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, आठ-दहा हजारांच्या प्रिंटरच्या खोक्यावर मात्र ‘ड्रायव्हर अमुक साली बंद’ असं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि एक काम आजच करा. तुमच्याकडे जे जे यंत्र चालू आहे, त्याच्या ड्रायव्हरची सेटअप फाइल कंपनीच्या साइटवरून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. ‘लागेल तेव्हा घेऊ’ म्हणू नका. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलने आपल्या जुन्या उत्पादनांचे ड्रायव्हर आणि बायोसच्या फाइल्स साइटवरून काढून टाकल्या होत्या. फाइलच्या नावात मॉडेल नंबर आणि विंडोजची आवृत्ती लिहा, नाहीतर चार वर्षांनी ‘सेटअप (३)’ नावाच्या सात फाइल्समधून नेमकी कोणती, हे शोधत बसाल.