पाच बचावपटू म्हणजे बचावात्मक खेळ? विंग बॅकबद्दलचे गैरसमज

२४ सप्टेंबर २०१६ रोजी लंडनमध्ये आर्सेनलने पूर्वार्धातच चेल्सीवर तीन गोल चढवले. उत्तरार्धात प्रशिक्षक अंतोनियो काँते यांनी सेस्क फाब्रेगासला बाहेर काढून मार्कोस अलोन्सोला उतरवले आणि चौघांची बचावफळी मोडून तिघांची केली. सामना ०-३ असाच संपला. पण पुढच्या सामन्यापासून चेल्सी ३-४-३ खेळू लागली आणि लीगमध्ये सलग १३ सामने जिंकली. त्यातल्या पहिल्या सहा सामन्यांत तिच्यावर एकही गोल झाला नाही. मोसम संपला तेव्हा खात्यावर ९३ गुण आणि विजेतेपद होते.

तरीही तीन सेंटर बॅक दिसले की ‘हे आज बरोबरीसाठीच उतरलेत’ असा शेरा हमखास ऐकू येतो. त्यामागचा हिशेब सोपा आहे: तीन सेंटर बॅक अधिक दोन विंग बॅक म्हणजे पाच बचावपटू, म्हणजे संघ घाबरलेला. हा हिशेब चुकतो, कारण विंग बॅक कुठे उभा आहे हे तो बघतच नाही. बायर लेव्हरकुसेनने २०२३-२४ मध्ये झाबी अलोन्सो यांच्या मार्गदर्शनाखाली जर्मन लीगचे ३४ सामने न हरता पूर्ण केले. २८ विजय, ६ बरोबऱ्या आणि ८९ गोल. त्यातले १० गोल डावा विंग बॅक ग्रिमाल्दोचे होते आणि ९ उजवा विंग बॅक फ्रिम्पाँगचे. बरोबरीसाठी उतरलेल्या संघाचे हे आकडे नव्हेत.

चेंडू ताब्यात असताना या रचनेत सहसा तीन सेंटर बॅक आणि मधल्या फळीतले दोघे मागे राहतात. उरलेले पाच जण मैदानाच्या रुंदीभर पसरतात, आणि टच लाइनलगतच्या दोन टोकांना विंग बॅक असतात. समोर बचावाला चौघे असतील, तर ते चेंडूच्या बाजूला सरकतात आणि पलीकडच्या टोकाचा माणूस मोकळा सुटतो. म्हणूनच ‘विंग बॅकने धावत जायचे आणि क्रॉस टाकायचा’ हे वर्णन अर्धेच आहे. दुसऱ्या बाजूने आलेल्या क्रॉसवर लांबच्या खांबाशी पोचणे, हे त्याचे तितकेच मोठे काम.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना ११ जुलै २०२१ रोजी वेम्ब्लीवर, युरो स्पर्धेच्या इंग्लंड-इटली अंतिम सामन्यात दिसला. इंग्लंडचा हॅरी केन खाली मधल्या फळीत उतरला आणि त्याने चेंडू उजवीकडे कीरन ट्रिपियरकडे सरकवला. ट्रिपियरने घाई केली नाही. मान वर करून पाहिले आणि चेंडू साऱ्या बचावफळीवरून पलीकडे टाकला. तिथे डावा विंग बॅक ल्यूक शॉ एकटाच धावत येत होता. त्याने तो डाव्या पायाने जाळ्यात मारला. सामना सुरू होऊन दोन मिनिटेही झाली नव्हती. एका विंग बॅकचा क्रॉस, दुसऱ्याचा गोल.

पुढे जे झाले तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. इंग्लंड हळूहळू मागे रेटले गेले, विंग बॅक तीन सेंटर बॅकच्या ओळीत येऊन उभे राहिले आणि चेंडू इटलीच्या पायाशी राहिला. ६७व्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गर्दीत बोनुचीने बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये इटली ३-२ ने जिंकली. कागदावरची रचना गोल होताना जी होती, तीच मागे रेटले जातानाही होती. विंग बॅक किती पुढे राहणार, हे बरेचसे आघाडीच्या फळीवर ठरते. चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर पुढून दबाव नसेल, तर त्याला लांब पास टाकायला सवड मिळते आणि पाठीमागची जागा राखायला विंग बॅकला माघार घ्यावीच लागते.

बचावाबाबतचा गैरसमज मला जास्त घातक वाटतो, कारण शालेय संघांच्या सरावातही तो शिरलेला दिसतो: पाचही जणांनी गोलसमोर एका रेषेत उभे राहायचे. प्रत्यक्षात चेंडू बगलेला गेल्यावर या पाचांचे चार व्हायला हवेत. समजा, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या फुल बॅककडे आहे. आपला डावा विंग बॅक पुढे जाऊन त्याला गाठतो. त्याच क्षणी डावा सेंटर बॅक बाहेर सरकून त्यांच्या विंगरला धरतो, मधला आणि उजवा सेंटर बॅक त्याच दिशेने सरकतात आणि उजवा विंग बॅक आत येऊन चौथा होतो. कबड्डीतल्या साखळीसारखेच हे: एक पुढे झाला की बाकीच्यांनी जागा धरायची. चेंडू उलट बाजूला गेला की सगळे उलट.

चूक होते ती वेळेत. विंग बॅक उशिरा निघाला तर पास त्याच्या पाठीमागे पडतो. तो वेळेवर निघाला, पण सेंटर बॅक जागचा हलला नाही, तर दोघांमध्ये खिंडार पडते. आणि लांबच्या बाजूचा विंग बॅक चेंडूकडेच बघत राहिला, तर त्याच्या खांद्यामागून कोण येतेय हे त्याला कळतच नाही. चेल्सीची ती १३ विजयांची मालिका ४ जानेवारी २०१७ रोजी टॉटनहॅमने २-० ने तोडली, ती लांबच्या बाजूनेच. दोन्ही वेळा उजवीकडून एरिकसनचा क्रॉस आला आणि दोन्ही वेळा पलीकडे उंचपुऱ्या डेली अलीने हेडर मारला. तिथे चेल्सीचे त्याच्यापेक्षा कमी उंचीचे बचावपटू होते. त्या दिवशी टॉटनहॅमही तीन सेंटर बॅक घेऊनच उतरले होते.

या रचनेची खरी दुखरी नस मात्र वेगळीच आहे. बगलेला विंग बॅक एकटा असतो, आणि प्रतिस्पर्ध्याचा फुल बॅक व विंगर जोडीने आले की एकावर दोन होतात. ३-४-३ मध्ये त्या बाजूचा आघाडीपटू मागे येऊन हात देतो आणि रचना ५-४-१ होते. ३-५-२ मध्ये ते धावणे मधल्या तिघांपैकी एकाच्या वाट्याला येते, आणि तो बाहेर गेला की मध्य उघडा पडतो. म्हणून या दोन रचना एकच समजणे चुकीचे आहे.

‘विंग बॅकला फुप्फुसे हवीत, बाकी काही नको’ हेही खरे नाही. दमसास हवाच. पण १३ जून २०१४ रोजी साल्वादोरला स्पेनविरुद्ध डेली ब्लिंड नेदरलँड्सचा डावा विंग बॅक होता, आणि वेगासाठी तो कधीच ओळखला गेला नाही. डावीकडून, मध्यरेषेच्या आसपासहून त्याने टाकलेल्या लांब पासवर व्हॅन पर्सीने झेप घेऊन हेडर मारला. नेदरलँड्सने तो सामना ५-१ ने जिंकला. दुसरीकडे व्हिक्टर मोझेस हा मूळचा आक्रमक विंगर; चेल्सीने त्याला तीन मोसम तीन वेगवेगळ्या क्लबांकडे उसना धाडले होते. काँते यांनी त्यालाच उजवा विंग बॅक केले.

हे सारे युरोपातल्या बड्या क्लबांनाच जमते, असेही नाही. इंडियन सुपर लीगच्या २०१९-२० च्या मोसमात अंतोनियो हबास यांनी कोलकात्याच्या एटीकेला ३-५-२ खेळवले. उजवीकडे प्रबीर दास, डावीकडे मायकेल सूसायराज, पुढे रॉय कृष्णा आणि डेव्हिड विल्यम्स ही जोडी. १४ मार्च २०२० रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर, करोनामुळे प्रेक्षकांविना झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी चेन्नईयिनला ३-१ ने हरवले. दोन्ही बगला भारतीय खेळाडूंच्या हाती होत्या.