वाघिणी वाढवायच्या की थांबे घटवायचे?

रेल्वे मालवाहतुकीतील वरिष्ठ औद्योगिक अभियंते इंजिने दुरुस्त करीत नाहीत. ते वेळेचा हिशेब मांडतात. आपण एक गणित करू. समजा, खाणीतून रोज १०० वाघिणी कोळसा निघतो. जाऊन-येऊन अंतर २४०० किलोमीटर, वेग ताशी ५० किलोमीटर. म्हणजे प्रवास ४८ तासांचा. भरणे, रिकामे करणे, तपासणी आणि यार्डातील खोळंबा यांत आणखी ९६ तास जातात. फेरी ६ दिवसांची, म्हणून वाघिणी लागतात १०० × ६ = ६००. (या नियमाची सिद्धता जॉन लिट्ल यांनी १९६१ साली दिली.) वेग दुप्पट केला तर ५०० पुरतात, थांबण्याचा वेळ निम्मा केला तर ४००! मात्र ब्रेकच्या तपासणीला कात्री लावली तर अपघात ओढवेल. कोणता थांबा निरुपयोगी आणि कोणता आवश्यक, हे ठरवणे हेच त्यांचे खरे काम.