कॉईल बंद होताना

शिवाजी उद्यमनगरात तेल-इंजिनांच्या आधाराने वाढीस लागलेला कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत विस्तारला. तेथील ज्या यंत्रांचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि कॉन्टॅक्टर आज पीएलसी या प्रोग्राम करता येणाऱ्या नियंत्रकाच्या हुकमाने उघडझाप करतात, त्यांच्या बाबतीत नवख्या वायरमनला चकित करणारी गोष्ट ही की, २४ व्होल्टचे आउटपुट २४ व्होल्टच्याच कॉईलमुळे निकामी होते, आणि तेही ती चालू होताना नव्हे, बंद होताना.

पंचगंगाकाठच्या उपसा योजनेत पंप अकस्मात थांबला, की लांब नळातील धावते पाणी झडपेवर आदळते. कॉईलमधील प्रवाहाची प्रकृतीही अशीच: तो एकाएकी तोडला, की कॉईल स्वतःच मोठा विद्युत्‌दाब उत्पन्न करते. ही स्वयंप्रवर्तनाची घटना जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३२ साली प्रसिद्ध केली आणि प्रवर्तनाचे एकक त्याच्याच नावाने रूढ झाले. एक हेन्रीच्या कॉईलमधील पाव ॲम्पियर प्रवाह एक सहस्रांश सेकंदात शून्यावर आणू पाहिल्यास २५० व्होल्ट, आणि त्याच्या दशांश काळात आणू पाहिल्यास २,५०० व्होल्ट दाब उत्पन्न होऊ लागतो. मग आउटपुटमधील रिलेच्या संपर्कांवर ठिणगी पडते किंवा ट्रान्झिस्टर फुटतो.

कॉईलमध्ये साठलेली ही ऊर्जा अडवून धरणे व्यर्थ. तिला निर्गमनाची वाट देणे, हाच खरा बंदोबस्त होय. एकदिश प्रवाहाच्या कॉईलला समांतर, कॅथोड धन टोकाकडे ठेवून, डायोड जोडला, की चालू स्थितीत तो निष्क्रिय राहतो आणि प्रवाह तुटताच कॉईलचा प्रवाह स्वतःतून फिरवून जिरवितो. उलटा जोडल्यास मात्र सरळ शॉर्टसर्किट. प्रत्यावर्ती प्रवाहावर डायोड चालत नाही. तेथे रोध व धारित्र यांची जोडी किंवा व्हॅरिस्टर योजावा लागतो.

या उपायाचे मोल मात्र वेळेच्या रूपाने चुकवावे लागते. डायोडमधून प्रवाह मंदगतीने ओसरतो, म्हणून कॉन्टॅक्टर उशिरा सुटतो. हवेच्या सिलिंडरला तत्काळ परतायचे असेल, तर डायोडसह झेनर घालून दाब मर्यादित पण चढा ठेवावा, आणि पुरवठा व झेनर यांची बेरीज आउटपुटच्या सहनसीमेत आहे याची खातरजमा करावी. शिवाय हा बंदोबस्त पॅनेलमध्ये नव्हे, शक्य तितका कॉईललगत असावा. अन्यथा दोहोंमधील लांब तार तोच उपद्रव शेजारच्या संदेशतारांत पसरविते. सबब कारखानदाराने डायोडची किंमत विचारण्यापूर्वी आपला व्हॉल्व्ह किती वेळात सुटला पाहिजे, हे आधी ठरवावे.