हाडांच्या स्कॅनला भ्यायचं कशाला?

पाचोड भागातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गटातल्या एका मावशींची कंबर दुखायला लागली. वाकून वाकून कंबर धरतेच, म्हणून त्यांनी मेडिकलवरून गोळ्या आणल्या. पण दुखणं रात्रीही झोपू देईना. मावशींचं काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. ते कळल्यावर डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन लिहून दिला. कागदावर 'न्यूक्लिअर मेडिसिन' असे शब्द होते. कुणीतरी म्हणालं, हाडात सुई खुपसतात, अणूचं औषध घालतात. मावशींनी कागद पेटीत ठेवून दिला. तीन आठवडे तो तिथंच पडून राहिला. आजचं बोलणं त्या तीन आठवड्यांसाठी आहे.

आधी हे समजून घेऊ, की एक्स-रे असताना हा स्कॅन कशाला? एक्स-रेमध्ये हाडाचा आकार दिसतो. हाड बरंच झिजल्यावर किंवा पोखरल्यावर मगच त्यात फरक कळतो. पण हाड जिवंत असतं. ते रोज थोडं झिजतं, थोडं भरतं. जिथं बारीक चीर पडली, जंतू शिरले किंवा कॅन्सर पोचला, तिथं ही डागडुजी जोरात सुरू होते. स्कॅनचं औषध नेमकं अशा जागी जास्त जमतं. म्हणून बिघाड पुष्कळदा एक्स-रेच्या आधी कळतो, आणि डोक्यापासून पायापर्यंतची हाडं एकाच वेळी बघता येतात.

सुई हाडात नाही, हाताच्या शिरेत देतात. सलाईनची सुई टोचते तेवढंच. औषध हाडात पोचायला साधारण तीन तास लागतात. तोवर भरपूर पाणी प्यायचं आणि लघवीला जात राहायचं. मग अर्धा-पाऊण तास टेबलावर हलता न हलता पडून राहायचं. एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून येतात. इथं ते अंगातल्या औषधातून येतात, आणि यंत्र फक्त ते टिपतं. सहसा उपाशी राहावं लागत नाही.

औषधातल्या किरण देणाऱ्या पदार्थाचं नाव टेक्नेशियम. तो मॉलिब्डेनम नावाच्या दुसऱ्या पदार्थापासून तयार होतो. दवाखान्यात मॉलिब्डेनमची डबी असते आणि तिच्यातून रोज सकाळी टेक्नेशियम काढून घेतात. गंमत म्हणजे शास्त्रज्ञ या डबीला 'गाय' म्हणतात आणि काढण्याला 'धार काढणं'! हे दूधही टिकत नाही. दर ६ तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो, आणि बरंचसं औषध लघवीवाटे निघून गेलेलं असतं. म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. त्या दिवसासाठी केलेलं औषध उद्या चालत नाही.

ही तपासणी काही कालची नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अणूच्या औषधांनी रोग्यांची तपासणी आणि उपचार करतं.

काळजी मात्र घ्यायची. पाळी चुकली असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर सुई टोचायच्या आधी सांगा. लाजू नका. त्या दिवशी लहान लेकरांना फार वेळ कुशीत घेऊ नका, गरोदर बाईजवळ बसू नका. लघवीनंतर हात नीट धुवा.

आणखी एक. स्कॅनमध्ये काळा ठिपका दिसला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. संधिवात, जुनी मोडलेली जागा, झिजलेला गुडघा, यांचेही ठिपके दिसतात. स्कॅन जागा दाखवतो. कारण शोधायला डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. वयानं दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्याला हा स्कॅन लागतही नाही. पण रात्री न थांबणारं दुखणं, दुखण्यासोबत ताप किंवा वजन घटणं, आधी झालेला कॅन्सर, यातलं काही असेल तर गोळ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांना सगळं सांगा.

खर्चाचं काय? रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं काय बसतं, ते आधीच विचारून घ्या. मावशींच्या जाण्या-येण्यासाठी गटानं अंतर्गत कर्ज दिलं आणि आमच्यातली एक जण सोबत गेली.

स्कॅनमध्ये मावशींच्या मणक्यात दोन ठिकाणी खूण दिसली. पुढच्या तपासणीत आजार तिथं पोचल्याचं कळलं. मणका मोडायच्या आत शेक आणि औषधं सुरू झाली. आजार गेला, असं आम्ही म्हणणार नाही. पण दुखणं उतरलं, रात्रीची झोप लागते आणि मावशी बैठकीला चालत येतात. त्या म्हणतात, "सुई काहीच नव्हती गं, भ्याव मोठं होतं."

तेव्हा मैत्रिणींनो, डॉक्टरांचा कागद समजला नाही तर पेटीत ठेवू नका. बैठकीत आणा. आपण मिळून वाचू.