ट्यूब पॉवर अ‍ॅम्पला कोणतं प्रीअ‍ॅम्प पेडल जोडावं? आवाजाआधी व्होल्ट बघा

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारं "म्हणजे कसंय ना" जरा कापलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा प्रश्न असा: ट्यूबचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत व्हॉल्व्हचा, पॉवर अ‍ॅम्प हाताशी आहे. गिटार आहे, स्पीकर कॅबिनेट आहे. मधे जोडायला बॅगेत मावेल असं छोटं प्रीअ‍ॅम्प पेडल हवंय. कोणतं घ्यायचं?

सावद्यात केळीचा आजचा भाव टपरीवर उभं राहून कळतो, पण पेडल हातात घेऊन वाजवून बघायची सोय आपल्या पट्ट्यात नाही. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान आहे, पण एका पेडलसाठी भुसावळहून गाडी पकडून कोण जातंय? आपण व्हिडिओ बघतो आणि ऑनलाइन मागवतो. म्हणून निवड कागदावरच्या आकड्यांवरून करता आली पाहिजे. ते आकडे कोणते, तेवढंच आज बघू.

आधी कामाची वाटणी समजून घ्या

गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये दोन खाती असतात. प्रीअ‍ॅम्प गिटारचा बारीक सिग्नल मोठा करतो आणि त्याला बेस, मिडल, ट्रेबल, डिस्टॉर्शन असा रंग देतो. पॉवर अ‍ॅम्प त्या रंगवलेल्या सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये पहिल्या खात्यात बहुतेक वेळा १२एएक्स७ ही छोटी ट्यूब दिसते, दुसऱ्यात ईएल३४, ६एल६ किंवा ईएल८४.

तुमचा ट्यूब पॉवर अ‍ॅम्प म्हणजे दोनपैकी एक गोष्ट असणार. एक, निव्वळ पॉवर अ‍ॅम्प, उदाहरणार्थ मेसा बूगीचा ट्वेंटी-ट्वेंटी. दोन, साधा गिटार अ‍ॅम्प, पण मागे इफेक्ट लूपचं 'रिटर्न' सॉकेट असलेला. रिटर्नमध्ये जोडलं की त्याचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प वगळला जातो. लूपच नसेल तर पेडल पुढच्या सॉकेटमध्ये लावावं लागतं. तेव्हा प्रीअ‍ॅम्पवर प्रीअ‍ॅम्प चढतो आणि आजचं निम्मं गणित लागू होत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो तसं, ही दोन मॉड्यूल आहेत. दोन्ही आपापल्या जागी चांगली असली तरी मधला करार जुळला नाही तर सिस्टिम चालत नाही. इथे तो करार व्होल्टमध्ये लिहिलेला असतो.

पहिला आकडा: बाहेर किती व्होल्ट येतात?

तीन पातळ्या लक्षात ठेवा. वाद्याची पातळी: अंदाजे उणे २० डीबीयू, म्हणजे ०.०८ व्होल्टच्या आसपास. घरगुती ऑडिओची पातळी: उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. आणि व्यावसायिक लाइन पातळी: अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट.

आता समजा, तुमच्या ५० वॅटच्या पॉवर अ‍ॅम्पला पूर्ण ताकद द्यायला १ व्होल्ट लागतो. पेडल देतंय ०.५ व्होल्ट. मिळणार किती? २५ वॅट नाही. पॉवर व्होल्टच्या वर्गाप्रमाणे चालते, म्हणून १२.५ वॅट. पेडल ०.३१६ व्होल्टच देत असेल तर ५ वॅट, कानाला जवळजवळ अर्धा आवाज. खोलीत तेवढं पुरतं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी बसलात की गिटार दिसते, ऐकू येत नाही. मग लोक अ‍ॅम्पला नावं ठेवतात, ट्यूबा बदलतात, पैसे घालतात. अ‍ॅम्प बिचारा ठीकच असतो, त्याला खालून पुरेसं मिळत नसतं.

यात एक बारीक गोष्ट आहे. डिस्टॉर्शनचा आवाज दाबलेला, सपाट असतो, त्यामुळे तो कमी व्होल्टमध्येही भरलेला वाटतो. क्लीन आवाजात मात्र पिकचा प्रत्येक फटका सरासरीपेक्षा कितीतरी उंच उसळतो. तो न फाटता बाहेर जायला पेडलमध्ये जागा लागते. म्हणून क्लीन वाजवणाऱ्यांनी १८ व्होल्टवर चालणारं किंवा आतल्या आत व्होल्टेज वाढवून घेणारं पेडल आधी बघावं. फक्त जोरकस डिस्टॉर्शन हवं असेल तर चांगलं ९ व्होल्टचं पेडलही चालून जातं.

विक्रेत्याला सरळ विचारा: "भाऊ, याचं कमाल आउटपुट किती? लाइन लेव्हल देतं का?" उत्तर मिळालं नाही तर मॅन्युअल डाउनलोड करा. पेडल घरी आल्यावर परत करायची मुदत असते, तेवढ्यात मोजून घ्या. फोनवर २०० हर्ट्झचा साधा सूर वाजवा, आवाज कमी ठेवून पेडलमध्ये सोडा, गेन कमी आणि व्हॉल्यूम पूर्ण करा, आणि आउटपुट मल्टिमीटरवर एसीमध्ये बघा. मीटरला २ व्होल्ट एसीची रेंज हवी. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर एसी २०० व्होल्टपासून सुरू होतं, त्यावर हा आकडा नीट दिसत नाही.

दुसरी गोष्ट: कॅब सिम्युलेशन बंद होतं का?

गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. डिस्टॉर्शनची करकर तोच गाळतो. गिटार थेट मिक्सरला किंवा रेकॉर्डिंगला दिली की हा गाळणारा स्पीकर मधे नसतो, म्हणून पेडलमध्ये त्याची नक्कल घालतात. टेक २१ कंपनीचं १९८९ मधलं सॅन्सअ‍ॅम्प याच कामासाठी प्रसिद्ध झालं.

आता ही नक्कल चालू ठेवून तुम्ही खरा स्पीकर जोडलात तर एकच गोष्ट दोनदा गाळली जाते. आवाज गोधडीखालून आल्यासारखा लागतो. म्हणून कॅब सिम्युलेशन बंद करायची सोय हवीच. मूअरच्या मायक्रो प्रीअ‍ॅम्प मालिकेत ती आहे. टू नोट्सच्या ल प्रीअ‍ॅम्प मालिकेत अ‍ॅम्पसाठी आणि मिक्सरसाठी वेगवेगळी आउटपुट आहेत. काही स्वस्त अ‍ॅनालॉग पेडलांमध्ये मात्र नक्कल सर्किटमध्येच पक्की बसवलेली असते, ती बंद होत नाही. अशी पेडलं मिक्सरसाठी छान, तुमच्या कामाची नाहीत.

डिजिटल मॉडेलर घेत असाल तर त्यात पॉवर अ‍ॅम्पची नक्कलही असू शकते. तीही बंद करायची. खरा पॉवर अ‍ॅम्प समोर असताना नकली कशाला?

याच कारणाने व्हिडिओवर फार विसंबू नका. त्यात तुम्ही पेडल, कुणाचा तरी स्पीकर आणि माइक, किंवा या सगळ्याची नक्कल, असं मिळून ऐकता. शिवाय ट्यूब पॉवर अ‍ॅम्पची स्पीकरवरची पकड ट्रान्झिस्टरवाल्यापेक्षा सैल असते. त्यामुळे स्पीकरच्या स्वभावाप्रमाणे खालचा बेस आणि वरची धार आपोआप थोडी उचलली जाते. हेडफोनवर किरकोळ वाटणारं पेडल इथे अंगात आल्यासारखं वाजू शकतं.

तिसरी गोष्ट: चॅनल एक की दोन?

हे खरेदीआधी फारसं कोणी सांगत नाही. प्रीअ‍ॅम्प पेडल रिटर्नमध्ये लावलंय आणि तुम्ही ते पायाने बंद केलंत, तर गिटारचा कच्चा सिग्नल थेट पॉवर अ‍ॅम्पला जातो. आवाज एकदम कुजबुजीवर येतो. म्हणजे हे पेडल कायम चालूच ठेवायचं असतं. क्लीन आणि डिस्टॉर्शन दोन्ही हवं असेल तर दोन चॅनलचं घ्या, नाहीतर एका चॅनलचं क्लीन ठेवून त्याच्या आधी साधं ओव्हरड्राइव्ह लावा. दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

पेडलमध्येही ट्यूब हवी का?

गरज नाही. ट्यूबचा जो गुण तुम्हाला हवाय, त्याचा मोठा भाग पॉवर अ‍ॅम्पकडे आधीच आहे. पेडलमध्ये ट्यूब असेल तर ती किती व्होल्टवर चालते ते विचारा. टू नोट्सवाले २०० व्होल्ट देतात, तिथे ट्यूब खरं काम करते. ९ किंवा १२ व्होल्टवरच्या ट्यूबचा आवाज वेगळाच असतो, आणि कधी कधी मागे एलईडी लावून ती नुसती उजळवलेली असते.

करंटही बघा. एका १२एएक्स७ च्या नुसत्या हीटरला १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर लागतात. साधं ओव्हरड्राइव्ह ५ ते २० मिलिअँपिअरवर चालतं, डिजिटल पेडल ३०० पर्यंत जाऊ शकतं. एका अडॅप्टरवर सगळ्यांची माळ लावली की गुणगुण आलीच. प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला पॉवर सप्लाय पेडलच्याच बजेटमध्ये धरा.

आपल्याकडची वीज

दीपनगरचं वीज केंद्र जवळ असलं तरी संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कुठे जातं ते आपल्याला माहीत आहे. २३० चं १९० झालं तर पॉवर ट्यूबच्या हीटरला ६.३ ऐवजी ५.२ व्होल्टच मिळतात. आवाज मऊ, दमलेला येतो आणि दोष पेडलला लागतो. स्टॅबिलायझर लावा. स्क्वेअर वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवू नका. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेडल जोडल्यावर हम आला तर काही लोक अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हम जातो, हे खरं. पण अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं तर करंट जमिनीत जायच्या ऐवजी गिटारच्या तारांवर येतो, आणि त्या तारा तुमच्या हातात असतात. पिन काढायची नाही, कधीच नाही. सिग्नलच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, हम तिथेच तुटतो. मंडपवाल्याकडचा जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प गिटारसाठी वापरायचा विचार असेल तर आधी जाणकाराकडून त्याचं अर्थिंग आणि कपॅसिटर तपासून घ्या. आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात, आणि स्विच बंद केल्यावरही काही वेळ राहतात.

ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ८ ओहमचं कॅबिनेट ८ ओहमच्या सॉकेटलाच, आणि मधे गिटारची नाही, स्पीकरची केबल. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये रिटर्नवर मास्टर व्हॉल्यूम चालत नाही, म्हणून पेडलचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सुरुवात करा.

मग घ्यायचं काय?

फक्त खऱ्या कॅबिनेटवर वाजवणार असाल तर लाइन लेव्हल देणारं, कॅब सिम्युलेशन नसलेलं किंवा बंद होणारं अ‍ॅनालॉग पेडल. कार्यक्रमात कधी अ‍ॅम्प, कधी थेट मिक्सर असं असेल तर दोन वेगळी आउटपुट असलेलं. दोघांत निवड अडली तर ज्याचं कमाल आउटपुट जास्त ते. बेस-ट्रेबलचा रंग नंतर बदलता येतो, न मिळालेले व्होल्ट नंतर आणता येत नाहीत. पिकअप लावलेल्या बेंजोवाल्यांनाही हेच गणित लागू आहे.

तुमच्या पेडलचं आउटपुट मोजलंत तर मॉडेलचं नाव आणि आकडा कॉमेंटमध्ये टाका. दहा-बारा जमले की एक तक्ता करून इथेच लावतो, पुढच्या माणसाला मागवायच्या आधी कामी येईल. भेटू पुढच्या भागात!