रोवणी आटोपताच ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची निगा

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे शेकण्याची चाल भंडारा जिल्ह्यात जुनी आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या जनावराच्या खांद्यास हळद व तूप चोळावयाचे आणि पोळ्याच्या दिवशी त्यास कामास जुंपावयाचे नाही, हा नेम एका जोडीच्या शेतकऱ्याच्या घरीही पाळला जातो. आता पुष्कळ बांध्यांची चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागली आहे. रोवणी संपली की हा ट्रॅक्टर वरवर धुऊन कोठ्याशेजारी उभा केला जातो, आणि धान कापणीस येईपर्यंत कित्येकदा त्याकडे कोणी फिरकत नाही. येथेच मोठी चूक होते. बैल उभा राहिला म्हणजे त्याचा शीण जातो. परंतु गिअरबॉक्समध्ये पाणी घेऊन उभा राहिलेला ट्रॅक्टर उभ्या उभ्याच खराब होत असतो. यास्तव रोवणी आटोपताच गिअरबॉक्सचे ऑइल तपासणे व जरूर तर बदलणे, हे काम पोळ्यापूर्वीच उरकून घ्यावे. थोडी हुशारी व स्वच्छता बाळगल्यास ते शेतकऱ्यास घरच्या घरी करता येते.

तेलाचे कार्य

गिअरबॉक्समधील दातेरी चाके एकमेकांवर प्रचंड दाबाने फिरतात. त्यांच्या दातांमध्ये तेलाचा पातळ थर राहतो, म्हणून लोखंड लोखंडास प्रत्यक्ष घासत नाही. हेच तेल बेअरिंगांना थंड ठेवते व गंजापासून वाचवते. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागील डिफरन्शियल व हायड्रॉलिक लिफ्ट या सर्वांस मिळून एकच तेल असते. काहींत ब्रेकही याच तेलात बुडालेले असतात. तेव्हा एका तेलात बिघाड झाला की तीन-चार कामांत बिघाड होतो. तेलात पाणी मिसळले म्हणजे त्याचा थर तुटतो, चिखलाचे बारीक कण दातांमध्ये कानशीप्रमाणे काम करतात आणि ट्रॅक्टर उभा असताना बेअरिंगांवर गंज चढतो. असे खराब झालेले बेअरिंग बदलावयाचे म्हणजे बहुधा सबंध ट्रॅक्टर मधून दुभागावा लागतो. त्या दुरुस्तीपुढे तेलाचा खर्च किरकोळ ठरतो. शिवाय कापणी-मळणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात अडकून पडला तर होणारे नुकसान वेगळेच.

पाणी आत कसे शिरते

चिखलणी करताना मागील चाके व धुरा बांधीतील पाण्यात वारंवार बुडतात. काम चालू असताना गिअरबॉक्स तापतो व आतील हवा फुगते. असा तापलेला ट्रॅक्टर पाण्यात उभा केला की आतील हवा आकुंचन पावते आणि सील थोडे जरी झिजलेले असेल तरी गढूळ पाणी आत ओढले जाते. म्हणून दुपारच्या न्याहारीसाठी काम थांबविताना ट्रॅक्टर बांधीतून बाहेर, धुऱ्यापलीकडे कोरड्या जागी आणून उभा करावा. गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले असल्यास पावसाचे पाणी तेथूनही आत जाते. हवा जाण्यायेण्याचे लहान तोंड चिखलाने बुजले तर सीलवर अधिक ताण पडतो.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली केंद्र सरकारची कृषि यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था स्थापन झाली. तेथे ट्रॅक्टरांची जी परीक्षा होते, तीत चिखलणीचे काम करून घेऊन नंतर निरनिराळ्या भागांत पाणी शिरले किंवा कसे, हेही पाहिले जाते. धानाच्या मुलखात ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याने अश्वशक्ती व किंमत यांबरोबरच अहवालातील ही नोंदही अवश्य वाचवून घ्यावी.

पाणी शिरल्याची ओळख

ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाचा प्लग अगदी सावकाश सैल करावा व पहिली धार काचेच्या बाटलीत धरून प्लग लगेच आवळावा. प्रथम पाणी आले तर शंका उरत नाही. तेल दुधाळ किंवा ताकासारखे दिसत असेल तर पाणी त्यात घुसळले गेले आहे असे समजावे. असे पाणी तळाशी बसत नाही. म्हणून केवळ खालचे पाणी काढून भागणार नाही, सर्व तेलच बदलले पाहिजे. संशय राहिल्यास पत्र्याच्या झाकणावर तेलाचे दोन थेंब घेऊन ते झाकण खालून तापवावे. पाणी असल्यास थेंब तडतडतात. ही परीक्षा डिझेल व तेलाच्या डब्यांपासून दूर आणि चेहरा लांब ठेवून करावी.

तेलाची निवड

या बाबतीत शेजाऱ्याचे पाहून वागू नये. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जी जात सांगितली असेल तीच घ्यावी. ज्या ट्रॅक्टरांत ब्रेक तेलात बुडालेले असतात व हायड्रॉलिकसही तेच तेल पुरते, त्यांस बहुधा यूटीटीओ नावाने मिळणारे तेल लागते. त्यांत साधे एसएई ९० गिअर ऑइल घातल्यास ब्रेक कर्कश वाजतात व त्यांची पकड बिघडते. तद्वतच, गिअर ऑइलाच्या डब्यावर जीएल-४ वा जीएल-५ असे लिहिलेले असते. यांतील ५ हा आकडा मोठा म्हणून ते तेल सर्वत्र चांगले, असा समज आहे. तो बरोबर नाही. जीएल-५ जातीच्या काही तेलांतील द्रव्ये पितळेच्या जातीच्या धातूचे भाग खातात. भाजी व धान बाजारात नेणाऱ्या जीप आणि पिकअप गाड्यांच्या गिअरबॉक्सांत असे भाग असतात. त्या गाड्यांच्या मालकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

तेल किती लागते हेही पुस्तिकेतच पाहावे. मोटारगाडीच्या गिअरबॉक्सला दोन-तीन लिटर पुरतात, तर ट्रॅक्टरास वीस लिटरांपासून पन्नास लिटरांहून अधिकही लागू शकते. एवढे तेल आधी घरात आणून ठेवल्याशिवाय प्लग उघडू नये.

तेल बदलण्याची रीत

१. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून आणावा. तेल गरम झाले म्हणजे पातळ होते व आपल्याबरोबर तळचा गाळ घेऊन बाहेर पडते. तेल कोमट असावे. हात भाजेल इतके कढत नसावे.

२. ट्रॅक्टर सपाट व कोरड्या जागी उभा करावा. मागील अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, ब्रेक लावून चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके द्यावेत. उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नये. लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये.

३. प्लगांच्या आसपासचा वाळलेला चिखल तारेच्या ब्रशाने व फडक्याने पूर्ण काढावा. ही पायरी कंटाळवाणी वाटते; परंतु ती टाळल्यास आपणच आत माती घालतो.

४. प्रथम तेल भरण्याचे वरचे तोंड उघडावे. ते गंजून अडकले असेल व खालचे तेल आपण आधीच काढून बसलो, तर नवे तेल भरता येत नाही आणि ट्रॅक्टर जागीच अडकतो.

५. खाली पुरेसे मोठे घमेले वा कापलेला पिपा ठेवून तळाचा प्लग काढावा. पाना नेमक्या मापाचा असावा. ढिल्या पान्याने प्लगची डोकी झिजतात. तळाशी एकाहून अधिक प्लग असल्यास सर्व काढावेत. धार थांबल्यावरही थेंब गळू द्यावेत; घाई करू नये.

६. प्लगला चुंबक असल्यास तो पाहावा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे ही नेहमीची झीज होय. लोखंडाचे खपले किंवा दाताचा तुकडा निघाल्यास मात्र तेल भरून काम चालवू नये, मिस्त्रीस दाखवावे.

७. हायड्रॉलिकची जाळी काढून डिझेलने धुवावी व वाळवून बसवावी. कागदी फिल्टर असल्यास नवा घालावा. प्लगचे वॉशर नवे घ्यावे. पाणी पुष्कळ निघाले असल्यास त्याच जातीचे थोडे तेल घालून, ओझे न देता काही मिनिटे चालवून ते पुन्हा काढून टाकावे. या कामी रॉकेल वापरू नये. ते कानाकोपऱ्यांत राहून नव्या तेलास पातळ करते.

८. तळाचे प्लग हाताने आटे बसवून मगच पान्याने आवळावेत. आटे आडवे गेल्यास पेटीच खराब होते. नंतर स्वच्छ नरसाळ्याने, जाळीतून तेल भरावे. खुणेपर्यंत तेल आल्यावर इंजिन सुरू करून लिफ्ट चार-पाच वेळा वरखाली करावी, पुन्हा बंद करावे, थोडा वेळ थांबून खूण पाहावी व उणे असल्यास भर घालावी. खुणेच्या वर तेल भरल्याने फायदा नाही; ते तापते, फेसाळते व सीलमधून बाहेर येते.

शेवटी तासमापकावरील आकडा व तारीख वहीत लिहून ठेवावी. पुस्तिकेत बहुधा हजार तासांसारखी मुदत दिलेली असते. ती साधारण कामासाठी होय. चिखलात राबणाऱ्या ट्रॅक्टरास केवळ तासांचा हिशेब पुरत नाही. जेथे कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी धान घेतात, तेथे वर्षातून दोन चिखलण्या होतात. म्हणून तपासणीही दोनदा करावी. तेल बदलूनही पुढील हंगामात पाणी निघाले, तर धुऱ्याचे सील बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

काढलेल्या तेलाची व्यवस्था

जुने तेल बांधीत, नालीत वा बोडीत सांडू नये. आपल्या जिल्ह्यातील मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान पिकते, जनावरे पितात आणि मासेमारी करणारी कित्येक कुटुंबे जगतात. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की त्याखाली हवा पोचत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून, पाणी वा डिझेल न मिसळता ठेवावे आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचविणाऱ्या विक्रेत्याकडे अथवा सर्व्हिस केंद्राकडे द्यावे. ते चुलीत जाळू नये, जनावरांच्या अंगास लावू नये. काम करताना हातास लागलेले तेल साबणाने धुऊन टाकावे.

पुढील चिखलणीपूर्वी

ज्येष्ठात पऱ्हे टाकल्यानंतर रोवणीपर्यंत जो अवधी मिळतो, त्यात धुऱ्याचे सील, गिअरच्या दांड्याचे रबर व हवेचे तोंड तपासावे. काही ट्रॅक्टरांच्या क्लचच्या पेटीस तळाशी एक छिद्र असते. एरव्ही ते उघडे असावे लागते. चिखलणीपूर्वी मात्र त्यात प्लग बसवावयाचा व रोवणी संपताच तो काढावयाचा असतो. आपल्या ट्रॅक्टरास अशी सोय आहे काय, हे पुस्तिकेत पाहून ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोवणी संपल्यावर गावातील एखाद्या ट्रॅक्टरवर हे काम सर्वांसमक्ष करून दाखवावे. भाषणापेक्षा तळाच्या प्लगमधून बाटलीत पडलेले अर्धा लिटर गढूळ पाणी अधिक बोलते. ते एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी पुढील वर्षी आपण होऊन पाना हातात घेईल, आणि बैलांचे खांदे शेकण्याच्या दिवसांतच आपल्या ट्रॅक्टरचीही चौकशी करील.